कालच ठरलेला नायक

गुप्तहेराच्या त्या गाजलेल्या चित्रपटमालिकेला नवा नायक हवा होता. चाचणीला येणाऱ्या प्रत्येकासमोर उभं राहून नायिकेचे संवाद म्हणायचं काम ताईकडे होतं. एकेकाळी ती नाटकात मुख्य भूमिका करायची. आता कॅमेऱ्याला तिची फक्त पाठ दिसे. आपल्या धाकट्या भावासाठी, छोटूसाठी, तिनेच शब्द टाकला होता. त्यानेही चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून दिली होती, आणि आईने सगळ्या इमारतीत डांगोरा पिटला होता.

चाचणीच्या सकाळी दिग्दर्शक निर्मात्याला म्हणाला, "त्या मोठ्या नटाने कालच सही केली. पण आजच्या चाचण्या उरकून घेऊ, नाहीतर उगाच बोभाटा व्हायचा." तेवढ्यात त्याला मागे उभी असलेली ताई दिसली. "तुम्ही काही ऐकलं नाही हं."

"नाही," ताई म्हणाली. पोट याच कामावर चालत होतं.

तरी ती बाहेर गेली. छोटू बाकाच्या कडेला बसला होता. वडिलांचा कोट त्याला खांद्यांत ढगळ होत होता.

"ताई, काल डोळ्याला डोळा नाही लागला. पण आज जमणार बघ."

शब्द तिच्या ओठांवर आले होते. "पाणी पी जरा," एवढंच ती म्हणाली.

प्रसंग धमकीचा होता. आधीचे सगळे ओरडले होते. छोटू मात्र इतक्या हळू बोलला, की ताईच्या अंगावर काटा आला आणि ती पुढचं वाक्यच विसरली. दिग्दर्शक खुर्चीतून उठून जवळ आला. "पुन्हा एकदा करा." ताईच्या मनात वेडी आशा चमकून गेली. दुसऱ्यांदा तर छोटूने कमालच केली. दिग्दर्शकाने मान खाली घातली. मग म्हणाला, "छान. कळवतो."

पुढच्या आठवड्यात नवा नायक म्हणून त्या मोठ्या नटाचा फोटो सगळीकडे झळकला. छोटू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. सकाळी."

"म्हणजे मी आत यायच्या आधी?"

तिने होकारार्थी मान हलवली. "सांगितलं असतं तर आला असतास?"

"नसतो आलो." तो थांबला. "पण ते माझं मला ठरवू द्यायचंस ना गं."

आई मध्ये पडली, "अरे, तिच्या हातात काय होतं?"

जुन्या दुकानात त्याची जागा भरली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात काम मिळालं, तिथे तो जाऊ लागला. ताईला त्या नटाच्या तालमींसाठी बोलावणं आलं. नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

एकदा जेवताना छोटूने विचारलं, "कसं करतो तो?"

"बरं करतो."

"माझ्यापेक्षा?"

"नाही रे."

त्याने ताट पुढे सरकवलं. "हे मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," म्हणाला, आणि हात धुवायला उठला.