कुणाच्या दक्षिणेला?

“दक्षिण? कुणाच्या दक्षिणेला?” असं विचारून ती हात उताणा करायची आणि खरोखरच उत्तराची वाट बघायची.

अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. आफ्रिकेतल्या एरिट्रियाची. तिच्या प्रांताचं नाव अकेले गुझाय. सरकारनं जुने प्रांत मोडले, राजधानीत बसून सहा विभाग आखले आणि तिच्या मुलखाचं नाव ठेवलं देबुब. म्हणजे नुसतं दक्षिण. राजधानीच्या दक्षिणेला, आणखी कुणाच्या!

मी निपाणीची. सीमाप्रश्नाच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. तिचं दुखणं मला समजावून सांगावं लागलं नाही. मी म्हणाले, “मावशी, आपण पत्रक काढू.”

“काढ की. पण तिकडं छापखानासुद्धा राजधानीतच आहे.”

मावशी म्हणजे काय हे कळल्यापासून ती मला ‘गुआले’ म्हणायची, माझी मुलगी. ती कॉफीच्या बिया भाजायला बसली की छताचा धुराचा अलार्म बोंबलायचा. ती टॉवेलनं त्याला वारा घालत म्हणायची, “याला कुणीतरी सांगा, युद्ध संपलं.”

तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा. तिकडे शाळेचं शेवटचं वर्ष लष्करी छावणीत काढावं लागतं, आणि पुढे घरी कधी सोडतील ते कुणी सांगत नाही. मावशीला इथं आश्रय मिळाला तर त्याला बोलावता येणार होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं, “कोर्टात देबुबच म्हणा. सगळ्या कागदांवर तेच आहे. दुसरं नाव घेतलंत तर जजना शंका येईल.”

मी तिची तयारी करून घेत होते.

“कुठल्या विभागातल्या तुम्ही?”

“अकेले गुझाय.”

“मावशी, देबुब.”

“तू पत्रकवाली ना गं? आणि तूच मला हे शिकवतेस?”

“मुलगा आला की तुला हवं ते म्हण.”

ती उठून सिंकपाशी गेली. कप विसळत राहिली.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. जजनी विचारलं तेव्हा दुभाष्यानं तोंड उघडायच्या आत ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “देबुब.” आश्रय मिळाला. परतताना गाडीत मी अभिनंदन केलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “नीट ऐकू गेलं ना त्यांना?”

पुढे अमेरिकेनं मुलाला इकडे यायची परवानगीही दिली. पण देश सोडायचा परवाना तिकडे राजधानीतूनच मिळतो आणि छावणीतल्या पोरांना तो मिळत नाही. फोनवर ती त्याला सांगत राहिली, थांब. तो चालत निघाला. सीमेवर त्याला गोळी लागली.

गावाकडून फोन आला तेव्हा मी तिच्याजवळच बसले होते. तिला मातीलाही जाता येणार नव्हतं. परत पाऊल ठेवलं असतं तर तिलाच आत टाकलं असतं. टेबलावर नकाशा पसरून रेघा मारणाऱ्यांनो, तो पोरगा तुमच्या कुठल्या चौकोनात पडला, तेवढं तरी सांगा त्या बाईला.

गेल्या महिन्यात ती बहिणीकडे अ‍ॅशबर्नला राहायला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला खाली बोलावलं.

“गुआले, ही गादी तू घे. तो फोनवर ‘उंच झालोय’ म्हणाला होता, म्हणून लांब बघून आणली.”

गादी माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही.