पाणी लागेल, असे मी म्हणालो

एका बाईंशी मी खोटे बोललो आणि ते खोटे अनेक वर्षे कोणालाही कळू दिले नाही.

मी भूवैज्ञानिक आहे. तेव्हा गोंदिया जिल्ह्यात खनिजशोधाच्या कामावर होतो. पृथ्वीच्या पोटातून वर चढणारा, लोह आणि मॅग्नेशियमने जड झालेला शिलारस वाटेत अडकून थिजला, तर त्याच्या तळाशी कधी कधी निकेल आणि तांबे साचलेले सापडते. तसा काळपट हिरवा खडक त्या बाईंच्या बांधाशी उघडा पडला होता. इटियाडोह धरणाचा कालवा त्यांच्या शेतापर्यंत पोचत नव्हता. आमचे यंत्र येताना पाहून त्यांनी विचारले, "बोर मारून राहिले का जी साहेब? पानी लागन ना?"

खनिजाचे नाव काढले असते तर गाव गोळा झाले असते; जमीन जाणार का, असे विचारले असते. त्या गर्दीला मी घाबरलो. म्हणालो, "लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी, बोरवर फोडतात तसा, त्या खडकावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. भीती त्या घासाबरोबर आत गेली.

यंत्राला थंड ठेवायला पाणी लागते. ते आम्ही बाईंच्याच बोडीतून, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातून, उपसत होतो. त्यांच्या जाऊबाई बांधावरून म्हणाल्या, "तुमची मशीन त पानी पिऊनच राहिली जी, देते कवा?" सगळे हसले. मीही हसलो.

एके दुपारी यंत्राने वर काढलेल्या खडकाच्या कांडीत गंधकयुक्त खनिजाचे पितळी ठिपके चमकले. ज्यासाठी हयात घालवली ते समोर होते, आणि मी मनातल्या मनात विनवत होतो, एवढ्यावरच थांबू दे. खाण निघाली असती तर हे शेतच उरले नसते.

ठिपके पुढे विरळ होत संपले. पण बाईंनी माझ्या शब्दावर उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले होते, आणि बोडी आम्ही कोरडी केली होती. आम्ही सिमेंटने छिद्र बुजवत असताना बाई पिवळ्या पडलेल्या रोपांजवळ उभ्या होत्या. "माह्याच नशिबात पानी नाही जी," त्या म्हणाल्या. "तुमी त खूप मेहनत केली." मी जीपमध्ये बसलो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी इतका भ्यालो नसतो.

यंदा गोंदियाजवळच्या कुडव्याहून दुचाकीने बाईंच्या गावी निघालो. परत फिरावे म्हणून वाटेत थांबलो, आणि तरी गेलो. बाई अंगणात धान वाळवत होत्या. ओळखून म्हणाल्या, "बसा जी साहेब. एवढ्या दिवसानं काऊन आले?"

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर बोललोच नसतो.

"बाई, आम्ही पाणी शोधतच नव्हतो. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तुमच्या नशिबाचा काही दोष नव्हता. मी खोटे बोललो, तुमचे पाणी वापरले आणि तुमचे पीक घालवले. मला क्षमा करा."