पक्कडीत धरलेली सुई

"हात दाखव," साहेब म्हणाले.

मी दाखवले. शाळेत नखं तपासताना करतात तसे दोन्ही पंजे पुढं केले. साहेबांनी हात लावला न्हाई. पेन्सिलीनं खूण करून पंजे पालथे करायला लावले, मग उताणे. सगळं शेड बघत होतं. रंगारी, सुतार, वॉचमन, मुंबईहून तपासणीला आलेला माणूस. आणि उभ्या केलेल्या पंखाच्या कडेला, मान खाली घालून, नाना.

साहेब तपासणीवाल्याला म्हणाले, "हे हात शिवणकामाचे दिसतात का तुम्हाला? हे खडी फोडायचे हात आहेत. यांच्या हातात सुई दिली, ही आमची चूक."

कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मी बघितलं न्हाई. माझे पंजे तसेच हवेत होते. मागं घ्यायचेबी सुचेना.

खडी फोडली होती, त्यात खोटं काय? बहात्तरच्या दुष्काळात देवणीकडं आमच्या गावाच्या रस्त्यावर मायसंगं बसून फोडली. मी तेव्हा लहान पोरगी. हातोडी उचलायची न्हाई, पण भूक उचलायची. डाव्या हाताचं एक बोट तेव्हापासून वाकडं हाय. साहेबाला ते बोट बराबर दिसलं. त्याच बोटानं मी त्यांचा एक अख्खा पंख शिवून दिला होता, तो मात्र दिसला न्हाई.

हे शेड कसलं ते सांगते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. नळाला पाणी न्हाई, विहिरीत गाळ, आणि गावाबाहेरच्या माळावर काही मोठ्या लोकांनी धावपट्टी काढली. पत्र्याचं शेड ठोकलं. त्यात एक जुनं, दोन माणसांचं विमान आणून ठेवलं. विमान म्हणजे सगळं लोखंडाचं असतंय असं मलाबी वाटायचं. ह्याचे पंख लाकडी फासळ्यांचे आणि वरून कापड. होय, कापड. ते जुनं होऊन कुजलेलं. ते काढून नवं चढवायचं होतं. मोठे साहेब लोक त्यात बसून वरून दुष्काळ बघणार होते. खालून बघितलेला त्यांना पुरला नसंल.

लग्न होऊन मी लातूरला आले होते. मालक दाळमिलमध्ये हमाली करायचे. मी सरकारी शिवणवर्गात शिकलेली, आणि वस्तीत माझ्या हातशिलाईची तारीफ होती. शेडच्या साहेबाला हातानं शिवणारं माणूस पायजे होतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं, मी गेले, टाका घालून दाखवला. घेतलं. घरी आले आणि खडीची हातोडी माळ्यावर टाकली. मालकाला म्हणलं, आता ही खाली काढायची न्हाई.

काम कसं चालायचं ते ऐका, कारण सगळं त्यातच हाय. पंखावर कापड ओढून बसवायचं. त्यावर उग्र वासाचं वार्निश मारायचं, त्याला डोप म्हणायचे. वाळलं की कापड आवळून टणक व्हायचं. मग ते फासळ्यांना शिवायचं. त्यासाठी पंख धारेवर उभा करायचा, भिंतीसारखा. अलीकडं एक माणूस, पलीकडं एक. सुई हातभर लांब. मी फासळीच्या कडेनं सुई आत घालायची, ती दोन्ही कापडं पार करून पलीकडं निघायची. पलीकडच्यानं टोक धरून ओढून घ्यायची आणि फासळीच्या दुसऱ्या अंगानं माझ्याकडं परत ढकलायची. मग मी गाठ मारायची. एक टाका झाला. माणूस माणसाला दिसत न्हाई, नुस्ती सुई येती-जाती. एकट्याचं ते काम न्हवंच.

पलीकडं नाना होते. वयस्कर माणूस, मोठ्या शेतीच्या घरातला. धावपट्टीतली निम्मी जमीन त्यांच्या पुतण्यानं दिलेली. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, तसं नाना शेडात यायला लागले. पोळ्याला देवणी बैलांच्या झुली शिवायचा त्यांना लई नाद, म्हणून हात सुईला बसलेला. माणूस गोड बोलायचा. पंखाच्या पलीकडून बैलांच्या गोष्टी सांगायचा. कोणता बैल कसा रुसायचा, कोणता झूल घातल्याबिगर दावणीतून हलायचा न्हाई. मी हसायचे. मला 'लेकी' म्हणायचे. "लेकी, तुझा टाका माझ्या झुलीपेक्षा सरळ हाय," असं एकदा म्हणले. मला लई बरं वाटलं. माझा बाप लवकर गेलेला.

त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं. त्यापुढचं त्यांनी विचारलं न्हाई. मला कुंकवाची सवय न्हाई, गळ्यात साधे काळे मणी. त्यांना काय वाटलं त्यांचं त्यांना ठावं. पहिला पंख असा बोलत बोलत शिवून झाला. तपासणीवाला आला, टिचकी मारून आवाज ऐकला, टोकदार दांड्याचं लहानसं यंत्र टाक्यांच्या कडेनं दाबत गेला. कापड तगलं. पास.

दुसरा पंख सुरू केला आणि एका दुपारी मालक माझी भाकर घेऊन आले. सकाळी मी विसरले होते. फाटकात वॉचमन उभा, तो आमच्याच वस्तीच्या पलीकडचा. मालक त्याला म्हणले, "जयभीम." रोजचं म्हणणं. मोठ्यानं म्हणायची त्यांची सवय, चोरून म्हणायचं ते काय असतंय? शेडात सगळ्यांना ऐकू गेलं. मग ते आत आले, माझ्या हातात फडकं दिलं आणि गेले.

मी भाकर बाजूला ठेवली आणि सुई घातली. सुई आली न्हाई. मी थांबले. पलीकडं माणूस उभा हाय, त्याचा श्वास ऐकू येतोय, पण सुई तशीच. म्हणलं, नाना? लई वेळानं सुई परत आली. त्या दुपारी एकाबी बैलाची गोष्ट झाली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सुई यायची तेव्हा खट असा आवाज यायचा. लोखंडावर लोखंडाचा. मी वाकून पंखाच्या कडेनं बघितलं. नानांच्या हातात पक्कड. तार कापायची असती ती, दातेरी. माझ्या हातातून गेलेली सुई ते पक्कडीनं धरत होते, ओढत होते, पक्कडीनंच परत खुपसत होते. मी म्हणलं, नाना, बोट दुखतंय का? त्यांनी पक्कड पुढच्या टाक्याला लावली. सुतारानं मात्र तोंड उघडलं. म्हणाला, नानांच्या हाताला आता सुई चावती. सगळे फिदीफिदी.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बी गिळलं. घरी हातोडी माळ्यावर होती, ती मला रोज दिसायची. दुष्काळात बाईच्या हाताला दुसरं काम कुठं होतं? सुई न्हाई तर खडीच.

पण सुई गिळंना. पक्कडीच्या दातांनी टोकाला चरे पडले. बोट फिरवलं की कुसळ लागावं तसं लागायचं. असली सुई कापडातून जाती तेव्हा भोक पाडत न्हाई, फाडत जाती. मी काचकागदानं टोक घासून घ्यायचे, दोन टाके झाले की पुन्हा तेच. शेवटी साहेबांकडं गेले. सुई दाखवली, सांगितलं, नानांना पक्कड नका वापरू म्हणा. साहेबांनी सुई बघितली. अंगठा फिरवला. म्हणाले, बाई, घरातली भांडणं इथं आणू नका, काम करा. घरातली! जसं काय नाना आणि मी एका चुलीवर जेवत होतो.

मग तपासणीचा दिवस आला. तपासणीवाल्यानं यंत्र टेकवलं आणि टाक्याच्या कडेनं कापड सुटलं. पुढच्या फासळीला सुटलं. त्याच्या पुढच्यालाबी. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, हा पंख उडवला तर वर गेल्यावर सोलून निघंल. शिवलं कुणी?

आणि मग ते झालं, जे पहिल्यांदा सांगितलं. हात दाखव.

साहेबाला काय ठाऊक न्हवतं? सगळं ठाऊक होतं. माझी सुई त्यांनी टेबलावरून उचलली, टोकावर अंगठा फिरवला, मी डोळ्यानं बघितलं. आणि गपचूप खिशात टाकली. सुताराला ठाऊक, रंगाऱ्याला ठाऊक, नानांना तर ठाऊकच. वॉचमन आमच्यातला, पण त्याचीबी भाकर तिथंच भाजत होती. सगळे तोंडात मूग धरून उभे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी उभ्यानं बघितलं.

तपासणीवाला गेल्यावर साहेबांनी मला बाजूला बोलावलं. आवाज मऊ केला. म्हणाले, हे बघ, जमीन त्यांच्या पुतण्याची आहे, म्हाताऱ्याला मी काही बोलू शकत नाही. तू उद्या सकाळी सगळ्यांसमोर एवढंच म्हण की चूक माझी झाली. तुला काढणार नाही. सुईवर दुसरं माणूस ठेवू, तू पट्ट्या कापायला बस, शेड झाडायला राहा.

शेड झाडायला. शेवटी झाडूवरच आणलं. घरी मालकाला सांगितलं. ते एवढंच म्हणले, "मी जयभीम म्हणायला नको होतं का?"

त्या प्रश्नानं मला जितकं लागलं तितकं साहेबाच्या पेन्सिलीनं लागलं न्हवतं. दिवसभर पाठीवर पोती वाहणारा माणूस, कुणाची एक दाळ इकडची तिकडं न करणारा. त्याला वाटत होतं की गुन्हा त्याचा. म्हणजे पक्कड नानांची, खिसा साहेबाचा, आणि अपराधी आम्ही दोघं नवरा-बायको. मी उद्या शेडात चूक कबूल केली असती, तर ती कापडाची झाली नसती. ती ह्या माणसाच्या तोंडातल्या शब्दाची झाली असती. तिथंच माझं ठरलं.

सकाळी सगळे जमले. साहेब म्हणाले, बोला बाई. मी डब्यातून कोरी सुई काढली. दोरा ओवला, मेण लावलं. सुटलेलं कापड काढून रंगाऱ्यानं आदल्या सांजेलाच नवं लावलेलं होतं, तिथं गेले आणि फासळीच्या कडेनं सुई आत घातली. टोक पलीकडं, नाना उभे होते तिकडं, निघालं.

मग मी म्हणलं, "नाना, हातानं घ्या."

पत्रा तापायला लागलेला, तडतडत होता.

"पहिला पंख ह्याच हातांचा हाय. तेव्हा तुम्ही हातानं घेत होता. तो पास झाला. दुसरा पक्कडीचा हाय, तो फाटला. साहेबांच्या खिशात सुई हाय, काढून बघा."

साहेबांचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. पलीकडून नानांचा श्वास ऐकू येत होता, पहिल्यासारखाच. मी सुईचा मागचा भाग धरून उभी. खरं सांगते, मला अजून वाटत होतं की म्हातारा घेईल. एकदा लेकी म्हणलेला माणूस. सुई जरा हलली. मला वाटलं, धरली. पण ती माझ्याच हाताच्या भारानं हलली होती.

त्यांनी घेतली न्हाई.

मी सुई सोडली. ती तशीच पंखात राहिली, अर्धी इकडं, अर्धी तिकडं. साहेबाकडं वळून म्हणलं, "हे हात खडी फोडतील. तुमची चूक उचलणार न्हाईत." आणि निघाले. फाटकात वॉचमन होता. त्याच्या डोळ्यात बघून जयभीम म्हणलं. तो ओठातल्या ओठात म्हणाला.

घरी येऊन मीच हातोडी माळ्यावरून काढली. उदगीरच्या रस्त्याला रोजगार हमीचं काम निघालं होतं, तिथं जाऊन बसले. काय मोठा विजय बिजय झाला न्हाई. नाना तसेच राहिले, साहेब तसेच राहिले. पंख दुसऱ्या कुणीतरी शिवला असंल. तळहाताला पुन्हा घट्टे पडले आणि त्या उन्हाळ्यात घरात तेल कमीच लागलं.

एक दिवस विमान आमच्या डोक्यावरून गेलं. खडीच्या ढिगावरून सगळ्या बायांनी वर बघितलं. मुकादम ओरडला, मोठे साहेब दुष्काळ बघायला आलेत, हात हलवा गं. बायांनी हलवले. एक पंख माझा होता, आवाजानं काय कळतंय, पण मला ठाऊक होतं. मी हातोडी खाली ठेवली न्हाई. मुकादम म्हणाला, तुझ्या हाताला काय झालं? म्हणलं, माझे हात हायेत, मी म्हणंन तेव्हा उठतील.

त्यानंतर लई ठिकाणी काम केलं. कंधारला केलं, नांदेडला केलं. शिवणकाम पुन्हा हातात आलं, ते मी आणलं, कुणी दिलं न्हाई. गाव कोणतं, पुढं काय, असं आता मी कुणाला विचारत बसू देत न्हाई. कुठंबी कामाला गेले की उंबऱ्यातच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आधी जयभीम म्हणते. मग आत पाय टाकते. ज्याला पक्कड काढायची त्यानं तिथंच, माझ्यासमोर काढावी.