चकव्याची अळणी भाकर

"मला काही सांगू नको. ते डालगं उचल आन् आत्ताच्या आत्ता शाळेत नेऊन टाक," वैजनाथ म्हणाला.

सत्यशीलानं पुन्हा तेच सांगितलं. आज रविवार. रविवारी शाळेची टेकडी जागेवर नसते. कंधारच्या रस्त्यानं गेलं तर तिथं नुसतं सोयाबीनचं रान दिसतं. नेऊन टाकायचं म्हणजे कुठं टाकायचं?

"टेकडी जागेवर न्हाई म्हणते. मास्तरीण म्हणून बायको आणली, निघाली गारुडीण."

सकाळपासून घरात जे चाललं होतं, त्यापुढं हा टोमणा काहीच नव्हता.

आज वैजनाथच्या धाकट्या बहिणीला, राजकन्येला पाहायला हिमायतनगरचे पाहुणे यायचे होते. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. सासूबाई, कावेरीबाई, गल्लीभर सांगून आल्या होत्या की असलं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. पाहुण्यांची जीप सकाळीच लोह्यात शिरली, पण घरापर्यंत काही आली नाही. पाण्याच्या टाकीपासून निघायची आणि फिरून पाण्याच्या टाकीपाशीच यायची. शेवटी वैजनाथ मोटारसायकल काढून गेला, त्यांना रामराम केला, आपल्या मागून यायला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं तर मागं जीप नाही. मुलाच्या मामाचा फोन आला, आम्ही उमरीत हाओत. उमरी म्हणजे नांदेडच्याही पलीकडं! आत्ता पाठीमागं हॉर्न वाजवणारी जीप उमरीत कशी, हे वैजनाथला कळेना. तो तसाच घरात आला. आणि मग त्याची नजर परसातल्या डालग्यावर गेली.

डालग्याखाली चकवा होता. रानात वाटसराला गोल गोल फिरवतो म्हणतात, तोच. सशाएवढा, मातीच्या रंगाचा, झोपाळू डोळ्यांचा, आणि पावलं उलटी.

सत्यशीला मूळची निलंग्याकडची. लातूरला प्राणिशास्त्र घेऊन शिकली, बी.एड. केलं, आणि तिथल्या शिकवण्यांमध्ये बेडकाचं हृदय समजावून सांगताना तिचा घसा बसला. लग्न होऊन लोह्याला आली तर कायमची जागा कुठंच नाही. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी निवडणुकीच्या कामाला गेलं, की त्या जागी ही उभी. अशातच टेकडीवरच्या मांत्रिकांच्या शाळेतून बोलावणं आलं. मायावी प्राण्यांचा विषय शिकवणारे ईश्वरप्पा सर रजेवर होते. एका पोराचा मंत्र चुकला आणि सरांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दगडाचा झाला. लातूरच्या हाडाच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला आणि पाथरवटाकडं जा म्हणाला. मुख्याध्यापकांनी सत्यशीलाची पदवी पाहिली, प्राणी ते प्राणीच म्हणाले आणि तिच्या हाती खडू दिला.

पहिल्या दिवशी तिनं हजेरी घेतली ती पाठ भिंतीला लावून. नंतर आढ्याला लटकलेल्या पोराला ती खाली उतरून गृहपाठ दाखव म्हणून दटावायला लागली. तरी पोरं तिला 'बदली बाई'च म्हणत. शनिवारी शाळा सुटली की प्राणी घरी न्यावे लागत, कारण दुसऱ्या दिवशी टेकडीच नसायची. देखणे, गुणी प्राणी कायमच्या शिक्षकांनी आधीच वाटून घेतले होते. चकवा उरला, तो बदली बाईच्या वाट्याला आला.

पहिल्याच रविवारी तिनं घरात सगळ्यांना बजावलं होतं. याला भाकर द्यायची ती अळणी. मीठ पोटात गेलं नाही तोवर हा डालग्याखाली गरीब गाय. मीठ खाल्लं की त्या मिठाला जागतो, मग त्याच्या अंगात काय येईल सांगता येत नाही.

"ह्याला मीठ कुणी घातलं?" आता तिनं विचारलं.

"कोण घालणार? तूच घातलं असशील," वैजनाथ म्हणाला. "नणंदेचं बरं व्हायला लागलं की भावजयीच्या पोटात दुखतंच."

काठापदराची साडी नेसून सकाळपासून आतल्या खोलीत बसलेली राजकन्या दारात आली. वैनीला बोलू नको, एवढंच ती भावाला म्हणाली. तिच्या तोंडावरची पावडर घामानं उतरली होती.

चुलीजवळ भज्यांचं पीठ कालवत बसलेल्या कावेरीबाईंनी हात निपटले.

"मी घातलं," त्या म्हणाल्या. "आपण ठेचा खायचा आन् दारातल्या मुक्या जिवाला अळणी तुकडा टाकायचा? आमच्यात कुत्र्याला बी तसलं घालत न्हाईत."

सासूबाई पहिल्या रविवारपासून घालत असणार. अळणी भाकर कुणाला वाढणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

वैजनाथला मात्र हायसं वाटलं. मायनं मीठ घातलं असेल तर तो मायचंच ऐकणार. तिनं दोन शब्द सांगावेत म्हणजे मिटलं. कावेरीबाई उठल्या, डालग्यापाशी वाकल्या आणि नातवाला सांगावं तसं सांगितलं, "येऊ दे रं बाबा त्यास्नी. चांगली माणसं हायत."

चकव्यानं डोळे किलकिले केले आणि उलटी पावलं पोटाखाली ओढून घेतली.

फोन वाजला. वैजनाथनं ऐकलं, आणि मग तसाच भिंतीला टेकून खाली बसला. जीप हिमायतनगरला त्यांच्या स्वतःच्या दारात उभी होती. मुलाची आई उतरून अंगणात रडत होती.

कढईतलं तेल धुरकटलं, तरी ती उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

सत्यशीलाला चकव्याच्या धड्याचा पुढचा भाग पाठ होता. वर्गात तो तिनं कितीदा फळ्यावर लिहिला होता. पण तो इथं म्हणायचा म्हणजे, ज्या बाईनं गल्लीभर या स्थळाचं कौतुक केलं, तिला लेकासमोर खोटं पाडायचं. आणि न म्हणावं तर पाहुणे उद्या-परवा पुन्हा येतील. तोवर चकवा शाळेत परत गेलेला असेल, वाट सरळ असेल, आणि राजकन्या पोहे घेऊन त्यांच्यापुढं बसेल. तिनं राजकन्येकडं पाहिलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ह्यो तोंडचं ऐकत न्हाई. ज्याच्या हातचं मीठ खाल्लं, त्याच्या मनाला जे माणूस नको असतं, त्यालाच फिरवतो."

"म्हंजे माय खोटं बोलून राहिली?" वैजनाथ ताडकन उठला.

कावेरीबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता, कुणी आपल्याच घरात आपल्याला चोर म्हणून धरावं तसा. त्या जोत्यावर बसल्या. हाताला लागलेलं पीठ वाळून पांढरं झालं होतं. ते खरवडत खरवडत त्या सांगायला लागल्या, लेकाला नाही, सुनेला.

स्थळ बघायला त्या आणि वैजनाथ हिमायतनगरला गेले होते. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसली, कावेरीबाईंना आत नेलं. त्या घरची थोरली सून चहा घेऊन आली. कप ठेवताना तिनं मनगटावर पदर ओढला, पण ओढायच्या आधी जे दिसायचं ते दिसलं होतं. तिची सासू पाणी आणायला वळली तेवढ्यात कावेरीबाईंनी हळूच विचारलं, सुखात हायस का बाई?

"तर काय म्हनली ठावं हाय? 'साखर बरोबर पडली का?' म्हनली. आन् माझ्याकडं बघत राहिली."

"मला का न्हाई सांगितलं?" वैजनाथनं विचारलं.

काय सांगायचं, त्या म्हणाल्या. सरकारी नोकरी. लोक हसले असते. पोळलं असंल चुलीवर, असं त्यांनी मनाला समजावलं, आणि घरी येईपर्यंत समजावणं जमलंही. सगळं विसरून गेल्या होत्या त्या. खरंच विसरल्या होत्या. आणि हे सशाएवढं जनावर!

डालग्याखाली चकवा झोपी गेला होता.

राजकन्या येऊन आईच्या पायाशी बसली. वैजनाथचा फोन पुन्हा वाजायला लागला. हिमायतनगरचाच होता. तो कधी मायकडं बघे, कधी सत्यशीलाकडं.

कावेरीबाईंनी पदराला हात पुसले.

"हिकडं दे तो फोन," त्या म्हणाल्या. "पोरगी त्या घरी द्यायची न्हाई. मी सांगते त्यास्नी."