वाकू नको, दादा

त्या दिवशी पहाटे कुत्र्याला घेऊन खाली उतरलो, तेव्हा मोबाइल समजून मी खिशात टीव्हीचा रिमोट टाकला होता. हे लक्षात आलं ती वेळ काही चांगली नव्हती.

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराला टेकून. मागची गल्ली जंगलाच्या भिंतीशी संपते. तिथे आठवड्यात दोनदा बिबट्या दिसला, म्हणून ‘उजाडण्याआधी कुत्र्यांना मागच्या गल्लीत नेऊ नये’ अशी सूचना लिफ्टमध्ये लागली होती. अक्षर माझंच. पण पुढचा रस्ता खणून ठेवलेला, आणि आमच्या लाडोबाला खडीवरून चालवत नाही. लेकीने बंगळुरूला जाताना आमच्या गळ्यात बांधलेला हा प्राणी. मला तो नकोच होता, हे मी दोन वर्षं येईल-जाईल त्याला सांगत आलोय.

भिंतीजवळ त्याने आपलं उरकलं. माझी कंबर घरातल्या कुठल्याच जड कामाला वर्षभर तयार नसते, पण सोसायटीची शिस्त म्हणून मी कागद घेऊन वाकणार, एवढ्यात समोरून कुणीतरी हळू म्हणालं,

“वाकू नको, दादा.”

डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. बाजूच्या पायवाटेने, डोंगरातल्या पाड्यावरून भाजी घेऊन खाली निघालेली असावी. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत होती. मी टॉर्च लावायला खिशात हात घातला, तर हातात रिमोट.

हळूच वळलो. भिंतीवरून एक शेपटी खाली लोंबत होती. नुसतं टोक हलत होतं.

बाईने दबक्या आवाजात सांगितलं की पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, वाकलेला त्याला जनावर वाटतो. मग म्हणाली, “कुत्र्याला वर घे.”

न वाकता कुत्रा उचलायचा कसा, हे माझ्या सूचनेत नव्हतं. तो थरथरत माझ्या पायांत शिरला होता. त्याच्या छातीपट्ट्याची दोरी मी दोन्ही हातांनी वर ओढली, विहिरीतून कळशी काढावी तशी. चौदा किलोंचा ऐवज गिरक्या घेत वर आला आणि मी त्याला कवटाळला. बिबट्याची नजर त्याच्याबरोबर वर आली.

बाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि भिंतीकडे बघून शेजाऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, “जा बाबा, तू तुझ्या वाटेने जा.”

आम्ही एकेक पाऊल मागे सरकू लागलो. आणि कुत्रा वळवळायला लागला. माझे हात भरून आले होते. सुटला असता तर संपलंच होतं. लेकीला काय तोंड दाखवणार, हे पहिल्यांदा मनात आलं. मग लेक राहिली बाजूला, मलाच तो हवा होता. मी दोरी दातांत धरली.

पुन्हा बघितलं तेव्हा भिंत मोकळी होती.

बाईने पाटी सावरली, उद्या इकडून येऊ नको म्हणाली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागली. तोंडात दोरी असल्याने मला साधं थँक्यूही म्हणता आलं नाही.

कुत्र्याला खाली न ठेवता मी घरापर्यंत आलो. लिफ्टमध्ये सूचनेकडे बघायचं टाळलं. बायकोने सगळं ऐकलं. ज्याला सोफ्यावर चढू देत नाही, त्याला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याचे कान चोळत बसली. मग म्हणाली,

“चौदा किलो उचलून आणलंत ना इथवर? मग उद्यापासून दळणही तुम्हीच आणायचं.”