रंग की कागद?

माझ्या थोरल्या साडूंइतका काळजीखोर माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नसेल. नागावच्या स्वतःच्या वाडीत नारळांखालून जाताना ते डोक्यावर पाट धरत. मी अलिबागला शाळामास्तर; माझ्याकडे यायला निघाले, की कुलूप ओढून बघायला निम्म्या वाटेवरून परत जात.

या काळजीने कळस गाठला तो आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, छातीच्या दुखण्याने मुंबईच्या इस्पितळात होती तेव्हा. आठ महिन्यांनी ती घरी यायची होती. तिची निजायची खोली एवढीशी, दोन खाटा टाकल्या की उभं राहायला जागा नाही, आणि भिंती मातीच्या. भिंतींची धूळ उडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे रंग तरी द्यायचा, नाहीतर कागद चिकटवायचा. झालं! रंगाच्या वासाने तिला ढास लागली तर? कागदाच्या खळीला झुरळं आली तर? गडद रंगाने खोली आणखी लहान दिसेल, फुलाफुलांच्या कागदाने आजारी माणसाला भोवळ येईल. मुंबईहून मागवलेला कागदाचा तुकडा त्यांनी मोरीजवळ टांगला आणि खाऱ्या हवेत तो किती फुगतो ते बघत रोज समोर बसले. न्हाव्याला विचारून झालं, मोटारीच्या कंडक्टरलाही विचारलं. तो म्हणाला, "काका, आधी कुठं जायाचं हाय ते सांगा."

आक्का येण्याच्या आदल्या दिवशी मी गेलो, तर तीन भिंती फिक्या निळ्या आणि चौथी उघडीच. मी भडकलो. "अहो दादा, उद्या ती येतेय! इथे कागद तरी लावा!"

त्यांनी माझा हात धरून त्या भिंतीवर ठेवला. सारवणात आक्काच्या बोटांच्या कमानी उमटल्या होत्या, आणि मध्येच थांबल्या होत्या. सारवता सारवताच तिला ढास लागली होती.

"मास्तर, ती परत आली नसती तर माझ्याकडे एवढंच उरलं असतं. हे झाकू कसं?"

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. चौथ्या भिंतीपाशी गेली आणि त्या कमानींवर तिने बोटं टेकली. किती बारीक झाली होती ती बोटं!

"द्या हो रंग," ती म्हणाली. "मी आलेय ना आता."

तिला ओटीवर बसवून साडूंनी कुणालाही न विचारता ब्रश बुडवला. खाटेच्या उशाशी त्या कमानींची वीतभर भिंत मात्र तशीच राहिली. रंग संपला, असं ते सगळ्यांना सांगत. डब्यात रंग होता, मी पाहिला होता.