त्या गोळ्या

सात वर्षे मी एक गोष्ट लपवली. आमच्या कंपनीच्या आरोग्य विम्यातून संततिनियमनाची ओळ मी काढून टाकली होती.

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या कार्यालयात कर्मचाऱ्यांचा विभाग माझ्याकडे आहे. विम्याच्या नूतनीकरणाच्या बैठकीत एजंटाने विचारले, “सर, ये कॉन्ट्रासेप्शनवाला रखना है? लेडीज स्टाफ से पूछ लीजिए.” खोलीत सगळे पुरुष. बायकांना हे विचारायचे कसे, या संकोचाने मी म्हणालो, “जरूरत नहीं.” कोणीतरी हसले. एजंटाने ओळ खोडली.

खरेदी विभागात एक साताऱ्याची सहकारी होती. कार्यालयात ती मला सर म्हणे, अल नहदातल्या आमच्या राहत्या इमारतीत दादा. एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या अंगावरून फार जात असे. डॉक्टरांनी त्याच, खोडलेल्या ओळीतल्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि विम्याने नाकारल्या होत्या.

“मला मूल थांबवायचं नाहीये, रक्त थांबवायचंय. आणि मूल थांबवायचं असतं, तरी काय बिघडलं?”

“पॉलिसीत बसत नाही,” मी कागदाकडे पाहत म्हणालो.

“तुमच्या शुगरच्या गोळ्या बसतात. गुलाबजाम तुम्ही खायचे, आणि बसत नाही ते आमचं शरीर!”

“नियम कंपनीचा आहे.”

“कंपनी म्हणजे कोण, दादा?”

कार्यालयात तिने प्रथमच दादा म्हटले.

तिच्या नवऱ्याचे काम तेव्हा सुटले होते. पदरच्या पैशांनी गोळ्या ती कधी घेई, कधी सोडून देई. पुढे एकदा प्रिंटरपाशी चक्कर येऊन पडली. अखेर तिचे गर्भाशय काढावे लागले. मूल झालेले नव्हते. गोळ्या नियमित मिळाल्या असत्या तर ते टळले असते का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. पुढच्या नूतनीकरणात मी ती ओळ निमूटपणे परत घातली. कोणी कारण विचारले नाही.

गेल्या महिन्यात ती दोघे कायमची गावी निघाली. नवरा खाली टॅक्सीत सामान भरत होता. लिफ्टमध्ये ती आणि मी.

“येते, दादा. तब्येतीला जपा.”

दार उघडले. मी बटण दाबून धरले.

“कंपनी म्हणजे मी होतो. गर्भनिरोधक गोळ्या...” तो शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारत होतो. “मीच वगळल्या. तुम्हां कोणालाही न विचारता, निव्वळ लाजेपोटी. मला माफ करा, ताई.”